रविवारची मराठी शाळा, फोन आणि ऐकणारे कान



रविवारची आरती आटोपून खालच्या सभागृहात डोकावणारे ज्येष्ठ सभासद गेले काही महिने मला एकच प्रश्न विचारत आहेत. "मराठी शिकवता ना? मग तुम्हा बाईंच्या हातात सारखा फोन कशाला?" प्रश्न रास्त आहे. मुले आठवडाभर पडद्यापुढे असतात, निदान मंदिरात तरी त्यांना पाटी-पेन्सिल मिळावी असे कुणालाही वाटेल. विश्वस्त मंडळाने या अंकात त्याचे सविस्तर उत्तर द्यायला सांगितले, म्हणून हा लेख. उत्तरात थोडी माहिती आहे आणि शेवटी आपल्याकडे एक मागणेही आहे.

आधी वेळेचा हिशेब मांडते. आपली शाळा रविवारी दोन तास भरते. इथल्या शाळांच्या सुट्ट्या आणि सभागृह उत्सवाला लागते ते दिवस वजा केले, तर वर्षाकाठी साधारण ३५ रविवार हाती लागतात. म्हणजे वर्षाचे ७० तास. पुण्या-नाशकातल्या मुलाच्या कानावर एवढी मराठी एका आठवड्यात पडते. त्या ७० तासांत २६ मुले, वय पाच ते तेरा. कुणाच्या घरी आजी-आजोबा असल्याने मराठी अस्खलित, कुणाची आई मराठी आणि वडील पंजाबी किंवा इंग्रज, त्यामुळे घरची भाषा इंग्रजीच. शिकवणाऱ्या आम्ही तिघी, आणि तिघींच्याही सोमवार ते शुक्रवार नोकऱ्या. हजेरी घेणे, गृहपाठाचे कागद गोळा करणे, कोणाचा कागद घरी राहिला ते ऐकणे, मागच्या वेळी न आलेल्यांना काय झाले ते सांगणे, यातच पहिली वीस-पंचवीस मिनिटे जात. दोन तासांतली पंचवीस मिनिटे!

दुसरी अडचण याहून मोठी. या देशात गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू या भाषांची जीसीएसई परीक्षा देता येते. मराठीची नाही. त्यामुळे मूल दहा-अकरा वर्षांचे झाले, माध्यमिक शाळेचा अभ्यास आणि शिकवण्या सुरू झाल्या, की आई-वडिलांना पहिल्यांदा रविवारची मराठी सोडून देण्याजोगी वाटते. मी त्यांना दोष देत नाही. गुणपत्रिकेत न दिसणारी गोष्ट टिकवायची तर मुलाला ती स्वतःला हवीशी वाटली पाहिजे, आणि भाषा हवीशी तेव्हाच वाटते जेव्हा त्या भाषेत आपले बोलणे ऐकणारे कोणी असते.

तेव्हा फोनकडून आम्हाला दोनच कामे हवी होती. दप्तर सांभाळण्याचे काम आमच्या डोक्यावरून उतरावे, आणि एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंतचे सहा दिवस अगदीच कोरडे जाऊ नयेत.

दप्तर सांभाळणारा वर्ग

यासाठी आम्ही गूगल क्लासरूम वापरतो. नाव ऐकून बिचकू नये. गूगलने ही सोय २०१४ साली शाळांसाठी काढली आणि २०१७ पासून साध्या गूगल खात्यावरही ती उघडता येते, म्हणून आपल्यासारख्या हौशी शाळेला पैसे न मोजता वापरता आली. ती म्हणजे कुलूप असलेले एक कपाट आहे असे समजा. कपाटात प्रत्येक मुलाचा एक खण. बाई रविवारी दुपारी कपाटात गृहपाठ ठेवतात आणि तो सगळ्या खणांत आपोआप पोचतो. हवे असेल तर प्रत्येक मुलाला त्याची वेगळी प्रत मिळते, पूर्वी शाळेत सायक्लोस्टाइल करून वाटायचे तशी. मुलाने काम पूर्ण करून ठेवले की बाईंना दिसते, मुदत टळली तरी ठेवले नाही तर तेही दिसते. बाई तपासून, शेरा लिहून परत करतात. एका मुलाचा खण दुसऱ्या मुलाला उघडता येत नाही.

एवढेच आहे ते. जादू काही नाही. पण न आलेल्या मुलाला काय शिकवले ते आता फोन करून सांगावे लागत नाही, आणि सुलेखनाची वही घरी राहिली म्हणून रडारड होत नाही. अक्षरे मुले अजूनही वहीतच गिरवतात, याची खात्री बाळगा. शिरोरेखा कशी ओढायची, 'क्ष'ची गाठ कुठे वळवायची, हे काचेवर बोट फिरवून येत नाही, हाताला पेन्सिलच लागते. पान लिहून झाले की आई किंवा बाबा त्याचा फोटो काढून कपाटात ठेवतात. वही घरी, फोटो बाईंकडे.

काहींनी सुचवले होते की व्हॉट्सॲपचा समूह आहेच, तिथेच गृहपाठ टाकावा. आधी तसेच चाले. पण त्या समूहात सकाळची सुप्रभाताची फुले, कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि गाडी कुठे लावायची याची चर्चा, या सगळ्याखाली 'पान १२ वरचे पाच शब्द लिहा' हा मजकूर दोन तासांत बुडून जाई. शिवाय तिथे एका मुलाचे चुकलेले सगळ्या घरांना दिसते, ते मला मुळीच पटत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी दोन-तीन आजोबांनी फार नेमके प्रश्न विचारले, म्हणून तेही सांगते. ब्रिटनच्या २०१८ च्या माहिती-संरक्षण कायद्यानुसार अशा सेवांसाठी १३ वर्षांखालच्या मुलाची संमती पुरत नाही, आई-वडिलांची लागते. आपली जवळजवळ सगळी मुले त्याच वयातली. म्हणून वर्गाशी जोडलेले खाते मुलाचे नसून पालकांचे असते. मुलाचे पहिले नाव तेवढे आम्ही लिहितो. आडनाव, पत्ता, शाळेचे नाव कुठेही नसते. जुलैत वर्ष संपले की मुलांचे आवाज आणि फोटो पुसून टाकले जातात.

चौकोनी कार्डे

वर्ग चालू असताना मुलांच्या हातात फोन नसतो. आपण पाहिलेला फोन बाईंच्या हातातला, आणि तो बहुधा कार्डे वाचत असतो.

या पद्धतीचे नाव प्लिकर्स. प्रत्येक मुलाला साध्या कागदावर छापलेले एक कार्ड मिळते. त्यावर काळ्या चौकटींची एक आकृती असते, प्रत्येक कार्डावरची वेगळी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेले. बाई प्रश्न विचारतात, मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड उंच धरते, आणि बाई फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गावरून एकदा फिरवतात. कार्ड कसे धरले आहे यावरून कोणी काय उत्तर दिले ते फोनला कळते. शेजारच्याचे पाहून उपयोग नाही, कारण त्याची आकृती निराळी आणि अक्षरे इतकी बारीक की वाचता येत नाहीत.

याचा फायदा मला कुठे झाला ते सांगते. मराठीत तीन लिंगे, इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही. म्हणून इथे वाढलेले मूल "माझा पुस्तक", "तो खिडकी" असे म्हणते. मी ए म्हणजे 'तो', बी म्हणजे 'ती', सी म्हणजे 'ते' आणि डी म्हणजे 'ठाऊक नाही' असे ठरवले आणि शब्द विचारत गेले. पंखा, खिडकी, दार, वही, मांजर, मूल. पूर्वी मी तोंडी विचारत असे तेव्हा तीच चार मुले हात वर करून उत्तर देत आणि मला वाटे, वर्गाला येते आहे. कार्डे वर झाली तेव्हा कळले की 'खिडकी'ला सात मुलांचा 'तो' आहे आणि मागच्या रांगेत बसणारी एक लाजाळू मुलगी सहाही उत्तरे बरोबर देते आहे. ती वर्षभर तोंड उघडत नव्हती. चुकणाऱ्या सातांची नावे फक्त माझ्या फोनवर दिसली, वर्गात कुणाची शोभा झाली नाही. पुढच्या रविवारी त्या सातांना वेगळे बसवून दहा मिनिटे घेतली.

(प्रौढांसाठी हा खेळ ठेवला तर 'फ्रिज', 'कार', 'बस' यांची लिंगे विचारायला हरकत नाही. नागपूरकर आणि मुंबईकर यांच्यात थोडी जुंपेल असा माझा अंदाज आहे.)

अशाच काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा एक प्रकार म्हणजे क्यूआर कोड. आपण दुकानात, देणगीपेटीवर तो पाहतोच. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी तो निघाला. त्याला मराठी शाळेत आणणारे गुरुजी आपल्या सोलापूर जिल्ह्यातले: माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर कोड छापायचा, तो फोनने वाचला की त्या धड्याची कविता ऐकू यावी किंवा चित्रफीत दिसावी, अशी त्यांची कल्पना. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, रक्कम दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. 'मराठी शाळेत यंत्र कशाला' असे ज्यांना वाटते त्यांना मी नेहमी परितेवाडीचे नाव सांगते. ही बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात, पहिली-दुसरीच्या पुस्तकांतले धडे आपणही वापरतो. आपल्या नातवंडांबरोबर ती चाळून पाहावीत. आपल्यापैकी अनेकांनी बालभारतीच्याच पुस्तकांवर मुलांना शिकवले आहे, ती संस्था १९६७ ची.

यंत्राला न येणारे काम

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच आपली गरज आहे.

सहा दिवस कोरडे जाऊ नयेत म्हणून आम्ही गेल्या सप्टेंबरपासून एक नवा गृहपाठ सुरू केला. प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा फोनवर एक मिनिट मराठीत बोलायचे आणि तो आवाज आपल्या खणात ठेवायचा. विषय साधे: आज डब्यात काय होते, बसमध्ये कोण भेटले, मांजराने काय केले. मुलांना हे लिहिण्यापेक्षा आवडले. पण २६ आवाज, प्रत्येक दोनदा ऐकायचा, वर टिपण करायचे, म्हणजे आठवड्याला दीड-दोन तास. आम्हा तिघींना ते जमेना. ऐकून न घेतलेला आवाज म्हणजे न उघडलेले पत्र. मुलांना ते दोन आठवड्यांत कळते आणि मग एक मिनिटाचे वीस सेकंद होतात.

"यंत्रालाच ऐकू द्या" असे एका तरुण पालकांनी सुचवले. फोनला मराठीत बोललेले लिहून घेता येते, हे खरे आहे; ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांनी ती सोय जरूर वापरावी. पण शिकवण्याला ती कुठे अपुरी पडते पहा. 'जग' हा शब्द घ्या. 'सारे जग' मधला ज वेगळा आणि 'सुखाने जग' मधला ज वेगळा. 'चार आंबे' मधला च आणि 'गाईचा चारा' मधला च, हेही तसेच. लिहिताना अक्षर एकच, बोलताना उच्चार दोन. मुलाने 'सुखाने जग' मधला ज चुकीचा उच्चारला तरी फोन पडद्यावर 'जग' असेच उमटवणार आणि मुलाला वाटणार, बरोबर आहे. पुस्तकातही हा भेद छापलेला नसतो. तो कानानेच कानाला द्यावा लागतो.

'ताट' हा शब्द तर या मुलांची परीक्षाच. इंग्रजीत ना आपला त आहे ना आपला ट. त्यांचे जे टी अक्षर आहे ते दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आपल्या कानाला टच्या जवळ. म्हणून मूल 'टाट' म्हणते. 'शाळा'ची 'शाला' होते, 'पाणी'चे 'पानी' होते. आपल्यापैकी कुणीही हे अर्ध्या सेकंदात ओळखेल, डोळे मिटून. पन्नास-साठ वर्षे मराठी बोललेल्या माणसाचा कान हा आपल्या शाळेला मिळू शकणारा सर्वात मोलाचा साठा आहे, आणि तो रविवारी वरच्या मजल्यावर बसून प्रसादाची वाट पाहत असतो.

जानेवारीपासून पाच ज्येष्ठ सभासदांनी हे काम सुरू केले आहे. प्रत्येकाकडे तीन-चारच मुले, नेहमी तीच. घरी फोनवर त्यांचा आवाज ऐकायचा आणि आम्ही दिलेल्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: काय आवडले, एक दुरुस्ती, एक प्रश्न. दुरुस्ती एकच. याबद्दल मी कडक आहे. पाच चुका दाखवल्या की पुढच्या आठवड्यात मूल पाच शब्द कमी बोलते. रविवारी तो कागद हातात घेऊन आजी किंवा आजोबा मुलापाशी पाच मिनिटे बसतात.

प्रश्नाचे महत्त्व मला आधी एवढे वाटले नव्हते. एका सात वर्षांच्या मुलीने सांगितले होते, "बाबांनी पोळी जाळली." संपले. कागदावर आजींचा प्रश्न होता, "मग खाल्लंत काय?" त्या रविवारी त्या दोघींचे बोलणे धूर, घरभर वाजलेली घंटा, उघडलेल्या खिडक्या आणि शेवटी आलेला पिझ्झा इथपर्यंत पोचले, सगळे मराठीत, अडखळत, मधे इंग्रजी शब्द घालत. त्या मुलीचे हल्लीचे आवाज दोन मिनिटांच्या वर जातात. कारण उघड आहे. ती आता फोनशी बोलत नाही, आजींशी बोलते.

आपले मराठी कोकणातले, वऱ्हाडातले, खानदेशातले, बडोद्याचे किंवा इंदूरचे असेल तर संकोच नको. मुलांनी सगळे ऐकावे. 'हे पुस्तकी मराठीत असे म्हणतात, आमच्याकडे असे' एवढे सांगितले की पुरे.

आवाहन

सध्या पाच श्रोत्यांकडे १७ मुले आहेत. नऊ मुले उरली आहेत आणि त्यांत घरी मराठी अजिबात न बोलणारी सहा आहेत, म्हणजे ज्यांना सर्वाधिक गरज तीच. त्यांच्यासाठी आणखी तीन श्रोते हवे आहेत. वेळ आठवड्याला पाऊण तास पुरतो. हिवाळ्यात अंधार आणि बर्फामुळे ज्यांना मंदिरात येणे जमत नाही, त्यांनाही हे घरबसल्या करता येईल. त्यांचा कागद आम्ही फोनवर विचारून भरू आणि मुलाशी गाठ हवा सुधारल्यावर घालून देऊ. फोन वापरता न येणाऱ्यांसाठी सभागृहाशेजारच्या लहान खोलीत टॅबलेट आणि कानाला लावायचे हेडफोन ठेवू. कळ दाबायची कोणती ते शिकवायला मोठ्या गटातली मुले तयार आहेत, आणि शिकवतीलही मराठीतच.

मुलांशी नियमित संबंध येणार असल्याने प्रत्येक श्रोत्याची डीबीएस तपासणी आपण करून घेतो. स्वयंसेवकांना तपासणीचे सरकारी शुल्क पडत नाही. पारपत्र आणि पत्त्याचा पुरावा आणावा लागतो. यात अविश्वास नाही, आम्हा तिघींचीही झाली आहे. आणि एक विनंती: मुलांचा आवाज कितीही गोड वाटला तरी तो घरच्यांना किंवा मित्रांना पुढे पाठवू नये.

दोन कुटुंबांत सध्या एकच फोन आहे आणि तो वडील कामावर घेऊन जातात, त्यामुळे तिथली तीन मुले आवाज पाठवू शकत नाहीत. आपल्या घरी वापरात नसलेला, चालू स्थितीतला टॅबलेट असेल तर तो शाळेला द्यावा. देण्याआधी त्यातले आपले खाते काढून टाकावे आणि मगच तो कोरा करावा. खाते तसेच राहिले तर टॅबलेट कोरा केल्यावरही जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत बसतो आणि कुणाच्याच कामाचा उरत नाही. हे करताना अडचण वाटली तर तसाच घेऊन या, आपल्यासमोर करून देऊ.

हेडफोन, कार्डांची छपाई आणि खोलीतल्या टॅबलेटसाठी रोख देणगीही स्वीकारली जाईल. देणगीदार इथे आयकर भरत असतील तर गिफ्ट एडचा अर्ज अवश्य भरावा. एका पौंडामागे सरकारकडून न्यासाला २५ पेन्स अधिक मिळतात, आपल्याला जास्त काही द्यावे लागत नाही. मात्र त्या आर्थिक वर्षात आपण भरलेला कर न्यासाला परत मिळणाऱ्या रकमेइतका तरी असला पाहिजे. केवळ करमुक्त निवृत्तिवेतनावर असणाऱ्यांनी तो अर्ज भरू नये. टॅबलेटसारख्या वस्तूंना ही सवलत लागू नाही.

श्रोता होण्यासाठी नाव आरतीनंतर कार्यालयात नोंदवावे. रविवारी दुपारी शाळा सुरू होण्याआधी अर्धा तास मी लहान खोलीत असते. आधी दोन-तीन आवाज ऐकून मग ठरवायचे असेल तरी यावे. वाचायचा चष्मा विसरू नका, कागदावरचे रकाने थोडे अरुंद झाले आहेत.